१९४३, अधिक-उणे ५४ : शिशाच्या टकरीतले कण मोजतात कसे?

जळगावच्या सराफात सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोललं जातं, आणि काट्यावर दिसतो त्या आकड्यावरून सहसा कोणी भांडत नाही. भांडण होतं ते घट किती धरायची, दागिन्यात लाख किती, खडे वेगळे तोलले का, यावरून. जड अणुकेंद्रकांच्या टकरीतून निघणारे विद्युतभारित कण मोजण्याचं कामही तसंच आहे. मोजणी यंत्र करतं. वजावट माणसाला ठरवावी लागते, आणि सगळं डोकं तिथेच लागतं.

२०१५ च्या अखेरीस सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसी या प्रचंड कण-प्रवेगकात शिशाची अणुकेंद्रकं ५.०२ टीईव्ही ऊर्जेला (एक टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एकमेकांवर आदळवली गेली. तिथल्या ॲलिस प्रयोगाने त्यातून निघणाऱ्या भारित कणांचा आकडा दिला : १९४३, अधिक-उणे ५४. त्याआधी २०१० मध्ये, २.७६ टीईव्हीला, तोच आकडा १५८४ होता आणि त्याच्यापुढे दोन चुका, म्हणजे अनिश्चितता, वेगवेगळ्या लिहिल्या होत्या : अधिक-उणे ४ आणि अधिक-उणे ७६. चार ही मोजक्याच टकरी पाहिल्या म्हणून येणारी चूक. शहात्तर ही वजावटीतली. दहापट टकरी नोंदवल्या असत्या तर चाराचे सव्वा झाले असते. शहात्तर जागचे हलले नसते. त्यामुळे ‘अजून डेटा घ्या’ हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. पुढचा सगळा मजकूर त्या ५४ आणि ७६ चा आहे.

आधी ऊर्जेचा हिशेब. ५.०२ टीईव्ही ही न्यूक्लिऑनच्या एका जोडीमागची ऊर्जा. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, मिळून २०८ न्यूक्लिऑन. म्हणजे पूर्ण टकरीला २०८ गुणिले ५.०२, सुमारे १०४४ टीईव्ही. आकडा धडकी भरवणारा आहे, पण ज्यूलमध्ये बदलला की जेमतेम ०.०००१७ उरतो. तुरीचा एक अख्खा दाणा वीतभरापेक्षा जरा कमी उंचीवरून ताटात पडला की एवढीच ऊर्जा असते. दाणा ‘टक्’ वाजून थांबतो. टकरीत मात्र तीच ऊर्जा अणूच्या तुलनेत हजारो पट लहान जागेत कोंबलेली असते, आणि ती बाहेर पडते ती नव्या कणांच्या रूपाने. ४१६ न्यूक्लिऑन आत जातात. सर्वांत समोरासमोरच्या टकरींतून सरासरी २१,४०० च्या आसपास भारित कण बाहेर येतात. त्यांतले बहुतेक पायॉन, म्हणजे प्रोटॉनहून बरेच हलके अल्पायुषी कण.

मग १९४३ कुठले? ते फक्त मधल्या पट्ट्यातले.

कण कोणत्या कोनात गेला हे सांगायला अंशांऐवजी ‘ईटा’ नावाचं माप वापरतात, म्हणजेच स्यूडोरॅपिडिटी. बीमच्या, म्हणजे धावणाऱ्या केंद्रकांच्या झोताच्या, रेषेशी होणारा कोन घ्या, निम्मा करा, त्याचा टॅन्जंट काढा, नैसर्गिक लॉगरिदम घ्या, चिन्ह उलटं करा. ९० अंशाला ईटा शून्य येतो, ६२.५ अंशाला ०.५, १५.४ अंशाला २, आणि ०.७७ अंशाला ५. म्हणजे बीमला जितकं चिकटून जावं तितका ईटा भराभर वाढतो. असं विचित्र माप घेण्याचं कारण व्यवहारी आहे : खरी रॅपिडिटी काढायला कणाचं वस्तुमान लागतं, ईटाला नुसता कोन पुरतो, आणि टकरीतले कण या मापावर बऱ्यापैकी सपाट पसरतात. ‘१९४३’ म्हणजे ईटा उणे ०.५ ते अधिक ०.५, अर्थात ६२.५ ते ११७.५ अंशांच्या पट्ट्यात, दर टकरीला सरासरी निघालेले भारित कण.

एक सावधानता इथेच. ईटाचा आलेख काढला की बरोबर मध्यावर, शून्यापाशी, हलका खळगा दिसतो. तिथे कण कमी तयार झाले असं वाटतं. तसं नाही, वस्तुमान सोडून नुसता कोन घेतल्याचा तो गणिती परिणाम आहे. खरी रॅपिडिटी घेतली की खळगा भरून येतो.

आता यंत्र. २०१५ मध्ये ॲलिसच्या गाभ्यात, बीमच्या नळीला खेटून, सिलिकॉन पिक्सेलचे दोन थर होते. आतला ३.९ सेंटिमीटर त्रिज्येवर, बाहेरचा ७.६ वर. एक पिक्सेल ५० मायक्रॉन रुंद, ४२५ मायक्रॉन लांब. असे सुमारे ९८ लाख. प्रत्येक पिक्सेल फक्त ‘लागलं’ किंवा ‘नाही लागलं’ एवढंच सांगतो. कोण गेलं, किती वेगाने गेलं, काही सांगत नाही.

पुढची कृती अशी. दोन्ही थरांतल्या ठिपक्यांवरून आधी टक्कर नेमकी कुठे झाली तो बिंदू काढायचा. त्या बिंदूवरून आतल्या थरातला ठिपका पाहिला की दोन कोन मिळतात : एक बीमभोवती फिरणारा, एक बीमपासून कललेला. बाहेरच्या थरातल्या ठिपक्याचे तसेच दोन. दोन्ही ठिपक्यांचे कोन जवळजवळ सारखे असतील तर ती एका कणाची वाट धरायची. या चिमुकल्या रेघेला ट्रॅकलेट म्हणतात.

‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. ॲलिसचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या टेस्लाचं. बीमला काटकोनात ५० एमईव्ही संवेग (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असलेला कण त्यात ३३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळतो. दोन थरांतलं अंतर ३.७ सेंटिमीटर. ३.७ ला त्रिज्येच्या दुपटीने, ६६.६ ने, भागलं की ०.०५५ रेडियन येतात, तीन अंशांहून थोडं जास्त. बीमभोवतीच्या कोनातला फरक तोलायला ॲलिसने ६० मिलिरेडियनचं माप धरलं होतं. ते कुठून आलं याचा अंदाज या भागाकारावरून येतो. दुसऱ्या कोनाला चुंबक वळवत नाही, म्हणून तिथे माप घट्ट, २५ मिलिरेडियन. माप आणखी आवळलं तर सावकाश जाणारे खरे कण निसटतात. सैल सोडलं तर भलत्याच ठिपक्यांच्या जोड्या लागतात.

आणि भलत्या जोड्या लागतातच. समोरासमोरच्या टकरीत एकेका थरावर हजारो ठिपके असतात. त्यांतले दोन योगायोगाने एका रेषेत येणं काही अवघड नाही. अशा टकरींत ही भेसळ दहा टक्क्यांच्या वर जाते, तर काठाकाठाने घासून गेलेल्या टकरींत ती टक्काभरच असते. भेसळ ओळखायची एक साधी युक्ती आहे : संगणकावर एका थरातले सगळे ठिपके बीमभोवती अर्धा फेरा फिरवायचे. खऱ्या जोड्या सगळ्या तुटतात. त्यानंतरही ज्या जोड्या लागतात त्या निव्वळ योगायोगाच्या. त्यांची पातळी नीट बसवायला कोनांतल्या फरकाचा आलेख काढतात. शून्यापाशी उंच टोक दिसतं, दूर लांबट शेपूट. शेपटीत खरं जवळपास काही नसतं, म्हणून फिरवलेला आणि न फिरवलेला आलेख तिथे एकमेकांवर बसवायचा, आणि मग टोकाखालची भेसळ वजा करायची. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या टकरीत मुद्दाम खोटे ठिपके टाकून किती नव्या जोड्या जुळतात ते पाहतात. दोन पद्धतींची उत्तरं तंतोतंत जुळत नाहीत. तो फरक ५४ मध्ये जमा होतो.

भेसळ काढल्यावर उरलेल्या ट्रॅकलेटना एका गुणकाने गुणावं लागतं. थरांतल्या फटी, बंद पडलेली मॉड्यूल, नळीत अडकलेले कण, सगळ्यांची भरपाई त्या एका गुणकात. तो सिम्युलेशनमधून काढतात : संगणकात किती कण सोडले आणि किती ट्रॅकलेट हाती लागले, त्यांचं गुणोत्तर. टक्कर दर वेळी बरोबर मध्यावर होत नाही, काही सेंटिमीटर पुढेमागे सरकते; म्हणून गुणकही एकच आकडा नसतो, टक्कर कुठे झाली आणि कण कुठल्या ईटाला गेला यांचा तक्ता असतो. इथे घडणारी नेहमीची चूक म्हणजे बंद मॉड्यूलचा नकाशा शिळा असणं. मोजणीच्या दिवशी जे मॉड्यूल बंद होतं ते सिम्युलेशनमध्ये चालू राहिलं, की तेवढ्या भागात कण कमी तयार झाल्यासारखे दिसतात. म्हणून बीमभोवतीच्या कोनानुसार ठिपक्यांचा आलेख आधी डोळ्यांनी पाहावा. खरा आणि संगणकातला. दात पडल्यासारख्या फटी दोन्हींत एकाच जागी हव्यात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत किचकट : मोजायचं कोणाला?

खानदेशातल्या लग्नात वरण-बट्टीची पंगत उठली की पत्रावळी मोजून जेवणाऱ्यांचा आकडा निघतो. पण व्याह्यांना विचारायचं असतं ते वऱ्हाडी किती. मग गल्लीतली पोरं वजा करा, बँडवाले वजा करा, न जेवता गेलेले पाहुणे मिळवा. टकरीतही डिटेक्टरला टोचलेला प्रत्येक कण टकरीचा पाहुणा नसतो. फोटॉन नळीच्या भिंतीत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी टाकून जातो. पायॉन एखाद्या केंद्रकाला धडकून चार नवे तुकडे उडवतो. हे सगळे दुय्यम, वजा. पण वाटेत आपोआप फुटणाऱ्या कणांचं काय? त्यासाठी ॲलिसने रेघ आखली आहे : ज्याचं सरासरी आयुष्य, प्रकाशाच्या वेगाने गुणलं असता, एक सेंटिमीटरहून जास्त भरतं, तो कण स्वतः प्राथमिक आणि त्याची पिल्लं दुय्यम. त्याहून लवकर फुटणाऱ्याची पिल्लं मात्र प्राथमिक. एक सेंटिमीटर म्हणजे ३३ पिकोसेकंद. लॅम्डा आणि केऑन हे असे वाटेत फुटणारे कण. लॅम्डाचं हे अंतर ७.९ सेंटिमीटर, लवकर फुटणाऱ्या केऑनचं २.७, त्यांच्यापासून निघालेले पायॉन आणि प्रोटॉन वजा होतात. डी मेसॉन या आणखी अल्पायुषी कणाचं अंतर मिलिमीटरच्याही आत, त्याची पिल्लं मोजणीत राहतात. रेघ मनाने आखलेली आहे, निसर्गाने नाही. म्हणून दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांची व्याख्या एकच आहे का ते पाहायचं. नाहीतर व्याख्येतला फरकच शोध म्हणून मिरवला जातो.

वजावट करायची तर टकरीत लॅम्डा आणि केऑन किती निघाले ते ठाऊक हवं. सिम्युलेशनमध्ये कृत्रिम टकरी तयार करणाऱ्या, नेहमी वापरल्या जाणाऱ्या हिजिंग या संगणक-प्रोग्रॅममध्ये ते प्रत्यक्षापेक्षा कमी निघतात. आकडे तसेच घेतले तर वजावट कमी पडते आणि उत्तर फुगतं. म्हणून या ‘स्ट्रेंज’ कणांचं प्रमाण मोजलेल्या आकड्याशी जुळेपर्यंत वाढवून मग गुणक काढावा लागतो.

न जेवता गेलेले पाहुणे म्हणजे ५० एमईव्हीखालचे कण. ते नळीत आणि पहिल्या थरातच जिरतात, दिसतच नाहीत. दिसणाऱ्या कणांच्या आलेखाची रेषा शून्यापर्यंत ताणून त्यांची संख्या अंदाजाने भरतात, आणि मग ती संख्या सिम्युलेशनमध्ये मुद्दाम वरखाली करून उत्तर किती डोलतं ते पाहतात. जेवढं डोलतं तेवढी आणखी भर ५४ मध्ये.

मधल्या पट्ट्याबाहेर, बीमला चिकटून जाणाऱ्या कणांसाठी, सिलिकॉनच्या पट्ट्यांची वर्तुळं होती. तिथे ट्रॅकलेट जुळवायला दुसरा थर नाही. नुसत्या लागलेल्या पट्ट्या मोजायच्या. पण एका पट्टीतून दोन कण गेले तरी ती एकदाच ‘लागते’. यावरचा उपाय अंगणात करून पाहता येतो. मृगाचे पहिले टपोरे थेंब पडले की ओट्यावरच्या शंभर फरशा पाहा. चाळीस ओल्या, साठ कोरड्या असतील तर थेंब चाळीस पडले असं म्हणू नका. काही फरशांवर दोन-तीन पडले असणार. कोरड्यांचं प्रमाण ०.६; त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उणे ०.५१, म्हणजे थेंब सुमारे ५१. ओल्या मोजण्यापेक्षा कोरड्या मोजणं भरवशाचं. मात्र कोरड्या अगदीच थोड्या उरल्या तर ही पद्धतही लंगडी पडते. शंभरात दोन कोरड्या की तीन, यावर उत्तर ३९१ वरून ३५१ वर येतं. या कोनांत दुसरीही अडचण आहे : नळी तिरकी कापत जाणारे कण जास्त धातूतून जातात, आणि दुय्यम कणांचा लोंढा प्राथमिकांनाही मागे टाकतो. त्याच दिशेला एका बाजूने कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने भारतात बनलेला पीएमडी हा डिटेक्टर बसवला होता, पण त्याचं काम फोटॉन मोजायचं.

आता त्या ‘समोरासमोर’ शब्दाकडे. या वेगाला केंद्रक पुढच्या दिशेने सुमारे २७०० पट चपटं दिसतं. खापरावरच्या मांड्यासारखं : पसरट आणि पातळ. दोन मांडे कधी एकमेकांवर पूर्ण येतात, कधी कडेकडेने घासून जातात. मध्यांतलं अंतर काही फेमटोमीटर (मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग). ते मोजायची पट्टी जगात नाही. मग उलटं जायचं : जितकं जास्त समोरासमोर, तितके जास्त कण. बीमच्या दोन बाजूंना बसवलेल्या व्हीझिरो नावाच्या, कण गेला की चमकणाऱ्या (सिंटिलेटर) चकत्यांत एकूण किती प्रकाश पडला त्यानुसार सगळ्या टकरी उतरत्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या पाच टक्के कापून घ्यायच्या. १९४३ हा त्या पाच टक्क्यांचा आकडा. या चकत्या मुद्दाम वेगळ्या कोनांत असतात. जे कण मोजायचे त्यांच्यावरूनच टकरी निवडल्या, तर योगायोगाने जास्त कण निघालेल्या टकरीच वरच्या खान्यात गोळा होतात.

पण पाच टक्के कशाचे? शंभर टक्के म्हणजे किती, हे आधी कळायला हवं. तळाला गडबड आहे. केंद्रकं एकमेकांना शिवलीच नाहीत, नुसती जवळून गेली, तरी त्यांच्या विद्युतक्षेत्राने एखादं केंद्रक फुटतं. अशा घटना खऱ्या टकरींच्या वीसपटीहून जास्त. त्यांतल्या काही चकत्यांना टोचून जातात आणि खऱ्या टकरींच्या यादीत घुसतात. म्हणून तळाचे दहा टक्के सोडून देतात आणि ९० टक्क्यांच्या खुणेला नांगर टाकून वरचे खाने आखतात. नांगर जरा सरकला तरी वरचे पाच टक्के फारसे हलत नाहीत. ७० ते ८० टक्क्यांचा खाना मात्र चांगलाच हलतो. काठावरच्या टकरींची चूक टक्केवारीने मोठी असते ती यामुळे.

याच न शिवणाऱ्या घटनांत शिशाचे तीन प्रोटॉन उडाले की ७९ उरतात, म्हणजे सोनं. ॲलिसने २०२५ मध्ये हे मोजून दाखवलं : २०१५ ते २०१८ या काळात एलएचसीत सोन्याची सुमारे ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. वजन २९ पिकोग्रॅम. सराफाच्या काट्याला ते दिसायचं नाही, आणि क्षणार्धात नळीला धडकून ते फुटूनही जातं.

शेवटचा भाग घरच्या लॅपटॉपवर होण्यासारखा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजातल्या एमएस्सीच्या पोराने एका रविवारी करून पाहावा. किती न्यूक्लिऑन प्रत्यक्ष धडकले हे मोजता येत नाही, ते ग्लाउबर मॉडेलने काढतात. २०८ न्यूक्लिऑन वुड्स-सॅक्सन वितरणाने, म्हणजे मध्ये दाट आणि कडेला हळूहळू विरळ, गोळ्यात पसरायचे : त्रिज्या ६.६२ फेमटोमीटर, कडेची साल ०.५४६. दोन न्यूक्लिऑनमध्ये किमान ०.४ फेमटोमीटर अंतर ठेवायचं. असे दोन गोळे करायचे, एक यादृच्छिक अंतराने सरकवायचा, आणि बीमच्या दिशेने पाहून ज्या दोन न्यूक्लिऑनमधलं अंतर ठरावीक मापापेक्षा कमी ते धडकले म्हणायचे. ते माप : न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन काटछेद (टकरीसाठीचं परिणामी क्षेत्रफळ) ७० मिलिबार्न, म्हणजे ७ चौरस फेमटोमीटर, त्याला पाय (π) ने भागून वर्गमूळ काढलं की १.४९ फेमटोमीटर. ७ च्या जागी ७० घातले तर सगळंच सगळ्याला धडकतं. ही चूक फार जण करतात.

दुसरी चूक लवकर सापडत नाही. गोळे सरकवण्याचं अंतर शून्य ते वीसमध्ये समान संधीने निवडलं की समोरासमोरच्या टकरी फाजील येतात. नेम धरून दगड मारायचा नसला तर मोठ्या वर्तुळाच्या काठाला जागा जास्त, म्हणून अंतराची शक्यता अंतराच्या प्रमाणात वाढली पाहिजे. गोळ्यात न्यूक्लिऑन पसरतानाही तेच : नुसती घनता नव्हे, घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग. हा वर्ग विसरला की केंद्रकाच्या पोटात न्यूक्लिऑनची गर्दी होते.

एक लाख टकरी करा, एकही न्यूक्लिऑन न धडकलेल्या वगळा, धडकलेल्यांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पाच टक्क्यांची सरासरी काढा. ४१६ पैकी ३८५ च्या आसपास यायला हवी. जोड्या झाल्या एकशे साडेब्याण्णव. १९४३ ला त्याने भागलं की दर जोडीमागे १०.१ कण. ७० ते ८० टक्क्यांच्या खान्यापासून इथवर येताना दर जोडीमागचं उत्पादन सुमारे १.८ पट वाढतं. म्हणजे २०८ ची टक्कर ही सुट्या जोड्यांच्या टकरींची निव्वळ बेरीज नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या प्रवेगकात सोन्याच्या केंद्रकांवर २०० जीईव्हीला (हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही), पंचवीसपट कमी ऊर्जेला, मोजलेल्या वाढीचा आकारही साधारण असाच होता. ऊर्जा इतकी बदलूनही तो आकार का टिकतो, यावर सिद्धांतवाल्यांची मॉडेल अजून एकमेकांशी भांडतात.